सूक्ष्मदर्शकाचा कॅमेरा, वैशाखातली खोली आणि फोटोत सांडलेल्या 'कण्या': कूलिंगवाला कॅमेरा घ्यावा का?

तरंगजीव (रत्नागिरी)

नमस्कार मंडळी.

मी इथल्या खाड्यांमधले वनस्पतीप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे वनस्पतीसारखे सूक्ष्म जीव, बघतो. भाट्याच्या खाडीतून दर पंधरा दिवसांनी भरतीच्या वेळी पाणी आणायचं, बारीक जाळीतून गाळायचं आणि त्याच दिवशी, पेशी जिवंत असताना, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचं, असा तीन वर्षांचा नेम आहे. साध्या उजेडात डायटम, म्हणजे काचेसारख्या कवचाची एकपेशीय शैवालं (कॉसिनोडिस्कसच्या थाळ्या, कीटोसेरॉसच्या काटेरी माळा), छान टिपता येतात. अडचण आहे ती फ्लुओरेसन्सची. निळ्या प्रकाशात पेशीतलं हरितद्रव्य लाल चमकतं आणि त्यावरून जिवंत पेशी कुठली आणि नुसता गाळ कुठला ते कळतं. खाडीच्या गढूळ पाण्यात या एका गोष्टीचा केवढा आधार असतो ते हे काम करणाऱ्यालाच ठाऊक.

सामग्री अशी: ट्रायनॉक्युलर सूक्ष्मदर्शक, पाऱ्याचा दिवा, निळा फिल्टर संच (५१५ नॅनोमीटरच्या पुढचं सगळं जाऊ देणारा), ४० एक्स ०.६५ एनएचं ऑब्जेक्टिव्ह (एनए म्हणजे भिंग किती रुंद कोनातून उजेड गोळा करतं त्याचं माप), वर १ एक्सचा अडॅप्टर आणि त्यावर यूएसबीवर चालणारा रंगीत सीमॉस कॅमेरा. पिक्सेल २.४ मायक्रॉनचे. कूलिंग नाही. खोलीला एसीही नाही.

डिसेंबर-जानेवारीत फोटो बरे येतात. शिमगा झाला की बिघडायला लागतात, आणि आता तर काळ्या पार्श्वभूमीवर तांदळाच्या कण्या सांडाव्यात तसे पांढरे, लाल, हिरवे ठिपके भरून येतात. एक्स्पोजर ८ सेकंद द्यावं लागतं, कमी केलं तर पेशीच दिसत नाहीत. आयपीसमधून बघितलं तर डोळ्यांना त्याच पेशी लालभडक दिसतात!

एका विक्रेत्याने उणे ४० अंशांपर्यंत थंड होणारा कॅमेरा सुचवला आहे. संस्थेकडे पैसे एकदाच मागता येतील. चुकीची वस्तू आली तर पुढची पाच-सहा वर्षं तिच्याशीच संसार. म्हणून विचारतो: कूलिंग खरंच लागेल का?

आगरातला (मुरुड)

औषधांसोबत येतात ते जेलचे थंड पॅक कॅमेऱ्याला गुंडाळून बघा. आमच्याकडे ड्रोनची बॅटरी तापली की तसंच करतात. दोन-तीन पॅक आलटून पालटून फ्रीजरमध्ये ठेवले की झालं.

वाळूचा_दाणा (मूळ गुहागर, सध्या पुणे)

आगरातला, तुमची कळकळ कळली, पण तरंगजीव, कृपया बर्फ किंवा जेल पॅक लावू नका. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर दवबिंदू २६ अंशांच्या आसपास येतो. म्हणजे २६ च्या खाली गेलेल्या प्रत्येक पृष्ठभागावर पाणी जमणार. ते आधी सेन्सरपुढच्या काचेवर बसेल, मग आतल्या सर्किटवर. आपल्याकडच्या हवेत मीठ असतं, त्यामुळे तांब्याच्या बारीक रेघा खायला फार दिवस लागत नाहीत. असे दोन कॅमेरे मी उघडून पाहिलेत. आत हिरवं झालेलं होतं.

आता मूळ प्रश्न. सेन्सरची चाचणी हे माझं रोजचं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सिलिकॉनवर प्रकाशाचा कण पडला की इलेक्ट्रॉन सुटतो आणि पिक्सेलमध्ये साठतो. पण नुसत्या उष्णतेनेही इलेक्ट्रॉन सुटतात. पिक्सेलला या दोघांतला फरक कळत नाही. अंधारात साठणाऱ्या या इलेक्ट्रॉनांचा ओघ म्हणजे डार्क करंट. तापमान साधारण ६ ते ७ अंशांनी वाढलं की तो दुप्पट होतो. शिवाय बिनकूलिंगचा कॅमेरा चालू राहिला की स्वतःच्या सर्किटने तापतो आणि सेन्सर खोलीपेक्षा दहा-पंधरा अंश गरम असतो. तुमची खोली ३४ अंशांवर असेल तर सेन्सर ४५ च्या पुढे गेलेला असणार. काही पिक्सेल जात्याच गळके असतात, त्यांचा ओघ शेजाऱ्यांच्या कित्येक पट. त्याच तुमच्या कण्या.

पण फोटोतला हा कचरा, म्हणजे नॉईज, एकाच प्रकारचा नसतो. पावळीखाली शेजारी शेजारी दोन वाट्या ठेवा. पाऊस तोच, वेळ तेवढाच, तरी दोन्हींत थेंब सारखे पडत नाहीत. सरासरी १०० थेंब पडत असतील तर दहाएकांचा फरक सहज पडतो, म्हणजे १०० चं वर्गमूळ. प्रकाशाचे कणही असेच येतात, हा फोटॉन नॉईज. तो निसर्गाचा आहे, कुठल्याही कॅमेऱ्याने जात नाही. डार्क करंटच्या इलेक्ट्रॉनांनाही हाच वर्गमुळाचा नियम लागू. तिसरा रीड नॉईज, पिक्सेलमधले इलेक्ट्रॉन मोजताना सर्किटकडून होणारी चूक. आजच्या बऱ्या सीमॉस सेन्सरमध्ये तो १ ते ३ इलेक्ट्रॉन असतो. थंड केल्याने यातला डार्क करंट कमी होतो. रीड नॉईजवर तापमानाचा परिणाम त्या मानाने फारच थोडा, आणि फोटॉन नॉईजवर काहीच नाही.

डार्क करंट वेळेबरोबर साठत जातो, म्हणून तुमचं एक्स्पोजर किती यावर सगळं ठरतं. साध्या उजेडात २० मिलिसेकंदांत पिक्सेलमध्ये १०,००० इलेक्ट्रॉन येत असतील तर फोटॉन नॉईजच १०० चा झाला. तिथे डार्क करंट मोजायलाही जाऊ नका. साध्या उजेडातल्या फोटोंसाठी थंड कॅमेरा विकत घेणाऱ्याचे पैसे वाया गेले, हे मी ठामपणे सांगतो.

तुमचे ८ सेकंद मात्र बरेच आहेत. म्हणून आधी मोजा. कॅमेरा तासभर चालू ठेवा. ऑटो गेन, गॅमा, शार्पनेस, 'नॉईज रिडक्शन' सगळं बंद. जेपेग घेऊ नका, कच्च्या आकड्यांची टिफ फाइल घ्या. तोंडावर झाकण, वर काळं कापड. सगळ्यात लहान एक्स्पोजरचे दोन फोटो घ्या, इमेजजे या फोटो मोजण्याच्या प्रोग्राममध्ये एकातून दुसरा वजा करा, उरलेल्याचं प्रमाण विचलन काढा आणि त्याला २ च्या वर्गमुळाने भागा. हा तुमचा रीड नॉईज. मग ८ सेकंदांचे झाकलेले फोटो सकाळी आणि दुपारी घ्या. एका आकड्यामागे किती इलेक्ट्रॉन हे कळण्यासाठी एकसारख्या उजेडात, कमी ते जास्त एक्स्पोजर देत, फोटोंच्या जोड्या घ्या. उजेड वाढेल तसं व्हेरियन्स (प्रमाण विचलनाचा वर्ग) सरासरीच्या पटीत वाढतं, त्या रेषेच्या चढावरून गेन, म्हणजे एका इलेक्ट्रॉनमागे किती आकडे, ते निघतं.

एक काळजी घ्या. 'ब्लॅक लेव्हल' (पूर्ण अंधाराला कॅमेरा देतो तो आकडा) शून्यावर असेल तर शून्याखालचे आकडे कापले जातात आणि नॉईज आहे त्याहून कमी दिसतो. ती थोडी वर उचलून ठेवा.

तरंगजीव

इतकं समजावून सांगितल्याबद्दल मनापासून आभार. दोन दिवस हेच केलं.

रीड नॉईज २ इलेक्ट्रॉन आला. मी वापरतो त्या गेनला एका आकड्यामागे अर्धा इलेक्ट्रॉन. ८ सेकंदांचे झाकलेले फोटो: सकाळी ७ ला खोली २७ अंश, ब्लॅक लेव्हल वजा करून सरासरी ४६. दुपारी ३ ला खोली ३४ अंश, सरासरी ९८. सात अंशांत दुपटीहून किंचित जास्त, तुम्ही म्हणालात तसंच. पुस्तकातला नियम आपल्याच टेबलावर उतरलेला बघून फार बरं वाटलं.

माहितीपत्रकातलं एक कळलं नाही. एकात लिहिलंय 'उणे २० अंश', दुसऱ्यात 'सभोवतालपेक्षा ३५ अंश खाली'. यातला जास्त थंड कुठला?

वाळूचा_दाणा

छान मोजलंत. दुपारचे ९८ म्हणजे ४९ इलेक्ट्रॉन, त्यांचा नॉईज ७. रीड नॉईज २. दोघांच्या वर्गांची बेरीज ५३, वर्गमूळ ७.३. सकाळचं तसंच केलं तर ५.२. म्हणजे तुमच्या खोलीतली दुपार तुमच्या पेशींवर सव्वासात इलेक्ट्रॉनांचं धुकं पसरते आहे, आणि गळके पिक्सेल त्याहून वेगळे.

माहितीपत्रकाचं. बहुतेक कॅमेऱ्यांत पेल्टिए असतो. वीज दिली की त्याची एक बाजू गार आणि दुसरी गरम होते. जाँ पेल्टिए या फ्रेंच माणसाने १८३४ मध्ये हा परिणाम पाहिला. तो उष्णता नाहीशी करत नाही, या बाजूची त्या बाजूला नेतो, आणि स्वतः खाल्लेल्या विजेची उष्णता त्यात मिसळतो. ती सगळी मागच्या पंख्याने खोलीत टाकायची. म्हणून 'सभोवतालपेक्षा ३५ खाली' हे प्रामाणिक वाक्य आहे. नुसतं 'उणे २०' लिहिलं असेल तर ते किती अंशांच्या खोलीत मोजलं ते विचारा. बहुतेक वेळा ती २० किंवा २५ अंशांची खोली असते. ३५ अंश खाली जाणारा कॅमेरा २० च्या खोलीत उणे १५ ला जाईल, तुमच्याकडे वैशाखात उणे १ ला. कॅमेरा तोच.

आणि माझ्या मते तळ किती खोल यापेक्षा तो स्थिर राहतो का हे महत्त्वाचं. तापमान नेमून देता येणाऱ्या कॅमेऱ्यात एकदा झाकलेले पन्नासेक फोटो घेऊन त्यांची सरासरी करून ठेवली की ती वर्षभर प्रत्येक फोटोतून वजा करता येते आणि गळके पिक्सेल पुसले जातात. बिनकूलिंगच्या कॅमेऱ्यात सकाळची सरासरी दुपारी चालत नाही, हे तुमच्या आकड्यांतच दिसतंय. म्हणून जे तापमान वैशाखातल्या दुपारीही टिकेल तेच वर्षभरासाठी ठरवायचं. उणे १० धरलंत आणि मे महिन्यात ते गाठता आलं नाही, तर पेल्टिए पूर्ण जोराने चालूनही तापमान हलत राहील आणि डिसेंबरचे फोटो मेच्या फोटोंशी जुळणार नाहीत.

दमट हवेसाठी तीन गोष्टी विचारा. सेन्सरची पोकळी सीलबंद आहे का, आत कोरडा वायू किंवा निर्वात आहे का. पुढच्या काचेला हीटर आहे का, कारण गार सेन्सरपुढची काच बाहेरून धुरकट होते. आणि आत आर्द्रता शोषणाऱ्या गोळ्या असतील तर त्या वापरणाऱ्याला बदलता येतात का. यूपीएस तर हवाच. वीज गेली की हीटर बंद पडतो, सेन्सर अजून गार असतो आणि काचेवर दव धरतं. मागच्या पंख्याभोवती चार बोटं मोकळी जागा सोडा. समुद्राजवळ पंख्याच्या पात्यांवर मीठ आणि धुळीचा थर बसतो, तो महिन्याला कोरड्या ब्रशने काढा.

पंख्याची थरथर हा वेगळा त्रास. १०० एक्सच्या ऑइल ऑब्जेक्टिव्हवर पंख्यामुळे प्रतिमा हलताना मी पाहिली आहे. ४० एक्सवर बहुधा जाणवणार नाही, पण विकत घेण्याआधी पंखा चालू ठेवून आणि बंद करून दोन फोटो घेऊन बघाच.

मालवणी_किनारो (मालवण)

माका इलेक्ट्रॉनातला काय कळणा नाय, पण दमटपणाची गजाल सांगू शकतंय. माझो फोटो स्टुडिओ आसा, पंचवीस वर्सा झाली. एसीतसून कॅमेरो भायर काढलंय काय भिंगार धुक्या जमता. पयल्या पावसात तर पाच मिंटा कायएक दिसणा नाय. म्हणान मी कॅमेरो एसीतच प्लास्टिकच्या पिशयेत घट्ट बांधतंय, भायर आणून अर्धो तास तसोच ठेवतंय आणि मगे पिशी उघडतंय. धुक्या पिशयेर बसता, भिंगार नाय.

बुरशीचा म्हणशात तर भिंगा चामड्याच्या पेटयेत ठेवू नकात, चामडा ओल धरता. बंद कपाट आणि आत बारको बल्ब, पावसाचे चार म्हयने पेटतो. तुमच्या सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांकाय ह्याच लागू होतला.

वाळूचा_दाणा

मालवणी_किनारो, अगदी नेमकं सांगितलंत. एसी २३ वर चालवून संध्याकाळी बंद केला आणि खिडकी उघडली की २६ दवबिंदूची हवा २३ अंशांच्या ऑब्जेक्टिव्हवर येते. रोज संध्याकाळी भिंगावर पाणी. प्रयोगशाळांमध्ये बुरशी धरण्याचं हे एक मोठं कारण आहे आणि त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. खोली रात्रीही बंद राहू द्यावी आणि डीह्युमिडिफायर चालू ठेवावा. आर्द्रता ५० टक्क्यांखाली राहिली तर उत्तम.

दापोलीकर_मास्तर

मी आता निवृत्त आहे. तुमची चर्चा वाचून जुना काळ आठवला, म्हणून थोडं लिहितो.

'थंड कॅमेरा म्हणजे चांगला कॅमेरा' हे आमच्या पिढीच्या डोक्यात का बसलं याला कारण आहे. बेल लॅब्जमध्ये १९६९ साली विलर्ड बॉयल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी या सीमॉसच्या आधीच्या सेन्सरची कल्पना मांडली. त्यासाठी त्यांना २००९ चं नोबेल मिळालं. सीसीडीत सगळ्या पिक्सेलांचे इलेक्ट्रॉन रांगेने एकाच दारातून बाहेर यायचे. घाईने वाचलं की रीड नॉईज वाढायचा, म्हणून सावकाश वाचायचं. एक फोटो वाचायलाच काही सेकंद जायचे. रीड नॉईजच्या वर उठण्यासाठी एक्स्पोजरही लांब द्यावं लागे. मग डार्क करंट साठणारच आणि थंडावा हवाच.

पुढे ईएमसीसीडी आले. ते इलेक्ट्रॉनांना मोजण्याआधीच शेकडो पटींनी वाढवतात, त्यामुळे रीड नॉईज जवळजवळ उरत नाही. पण उष्णतेने सुटलेला एक इलेक्ट्रॉनही तितकाच फुगतो आणि खऱ्या प्रकाशकणासारखा दिसतो. म्हणून त्यांना उणे ८० च्या आसपास न्यावं लागतं. वाढवण्याच्या क्रियेतही स्वतःचा नॉईज असतो, त्यामुळे निम्मेच फोटॉन मिळाल्यासारखी स्थिती होते.

योगायोग असा की २००९ सालीच वैज्ञानिक सीमॉस, म्हणजे एससीमॉस, जाहीर झाला. त्यात प्रत्येक स्तंभाला स्वतःचं मोजमाप यंत्र, म्हणून हजारांनी दारं. भरभर वाचूनही रीड नॉईज एक-दीड इलेक्ट्रॉनच. एक्स्पोजर आपोआप मिलिसेकंदांत आलं. साधने बदलली, आमची समजूत मात्र सीसीडीच्या काळातच राहिली. तरंगजीव, तुमच्या विक्रेत्याचंही तसंच झालेलं असू शकेल.

खारफुटी (वेंगुर्ले)

सगळा धागा वाचला. सर्वांनी नॉईजचा विचार केला, मला सिग्नलबद्दल विचारायचं आहे. तरंगजीव दादा, ८ सेकंद लागतातच का?

मीही खाडीतले प्लवक बघते. जिवंत डायटमचं हरितद्रव्य ४० एक्सला इतकं तेजस्वी असतं की शंभर ते पाचशे मिलिसेकंदांत भागतं. नमुना टिकवण्यासाठी लुगोलच्या आयोडिनमध्ये ठेवला असता तर चमक मरते हे समजण्यासारखं होतं, पण तुम्ही तर ताजं पाणी घेता.

तुमच्या पहिल्याच प्रतिसादात उत्तर आहे असं मला वाटतं. तुम्ही लिहिलंत, डोळ्यांना लालभडक दिसतं. हरितद्रव्याची चमक ६८० नॅनोमीटरच्या आसपास असते. आपल्या डोळ्याची संवेदनशीलता ५५५ ला सगळ्यात जास्त, आणि ६८० ला त्याच्या दोन टक्क्यांहूनही कमी. इतक्या मंद डोळ्याला जर लालभडक दिसत असेल तर उजेड भरपूर आहे! सिलिकॉनला ६८० चं चांगलं दिसतं, निम्म्याहून जास्त फोटॉन तो पकडतो. मग डोळ्याला दिसणारं कॅमेऱ्याला दिसत नाही, याचा अर्थ मध्ये काहीतरी आडवं आलंय.

रंगीत कॅमेऱ्यांत सेन्सरपुढे आयआर-कट काच असते. रंग डोळ्यासारखे यावेत म्हणून ती साधारण ६५० च्या पुढचा प्रकाश अडवते. म्हणजे अवरक्तासोबत तुमचं ६८० सुद्धा जातं. माझाही सुरुवातीचा एक हंगाम असाच गेला. पेशी मेल्यात असं समजून मी नमुने फेकत होते.

तपासायला सोपं आहे. कॅमेरा सूक्ष्मदर्शकावरून काढा, खोलीत अंधार करा, टीव्हीचा रिमोट कॅमेऱ्याच्या तोंडासमोर धरून बटण दाबा. पडदा काळाच राहिला तर ती काच आहे.

आणि रंगीत सेन्सरमध्ये चारांतला एकच पिक्सेल लाल बघतो, बाकी तिघांवर हिरवा-निळा रंग चढवलेला. एकरंगी चमक टिपायला रंगीत कॅमेरा लागतो कशाला?

वाळूचा_दाणा

खारफुटी ताई, हे मला आधी सुचायला हवं होतं. मी सेन्सरच बघत बसलो. तुमचं म्हणणं बरोबर असेल तर हिशोब बदलतो. समजा एक्स्पोजर ८ सेकंदांवरून अर्ध्या सेकंदावर आलं. मग त्याच तापलेल्या सेन्सरवर, त्याच ३४ अंशांच्या दुपारी, डार्क करंटचे इलेक्ट्रॉन ४९ ऐवजी ३. रीड नॉईज धरून एकूण नॉईज ७.३ वरून २.७. आणि सेन्सर शून्यावर नेला तरी तो २ च्या खाली जाणार नाही, कारण रीड नॉईजच २ आहे. म्हणजे उणे ४० वाल्या कॅमेऱ्याने फार तर २.७ चं २ झालं असतं.

अजून एक. ०.६५ एनएचं ऑब्जेक्टिव्ह ६८० च्या प्रकाशात साधारण ०.६४ मायक्रॉनचा तपशील वेगळा करतं. ४० पट मोठा होऊन तो सेन्सरवर २५ मायक्रॉनचा पडतो. तुमचा पिक्सेल २.४ चा. एका तपशिलावर दहा पिक्सेल! उजेड उगाच वाटला जातोय. ०.५ एक्सचा, म्हणजे प्रतिमा निम्मी करणारा, अडॅप्टर लावा, एका तपशिलावर पाच पिक्सेल उरतील, तेही पुरेसे आहेत, आणि प्रत्येक पिक्सेलला चौपट उजेड मिळेल. यापेक्षा स्वस्त सुधारणा दुसरी नाही.

चिपळूणच्या माझ्या मित्राकडे आकाशदर्शनाचा एक कृष्णधवल कॅमेरा आहे, आयआर-कट नसलेला, बिनकूलिंगचा, सूक्ष्मदर्शकावर बसणाऱ्या सी-माउंटचा. मी त्याला सांगून ठेवतो. रविवारी घेऊन जा.

देवगडकर

मधेच विचारतो. थंडीच्या सुरुवातीला आमच्या किनाऱ्यावर कधी कधी लाटा निळ्या पेटतात, तो नॉक्टिलुका नावाचा चमकणारा एकपेशीय जीव. एका पेशीचा तो झगमगाट सूक्ष्मदर्शकातून टिपायचा आहे. तो तर फारच मंद. तिथे कूलिंग लागेल ना?

वाळूचा_दाणा

नाही, आणि याचं कारण मजेशीर आहे. नॉक्टिलुकाचा एक झगमगाट सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास टिकतो. एवढ्या वेळात डार्क करंट साठतच नाही. तिथे सगळी मदार रीड नॉईजवर आणि ऑब्जेक्टिव्हच्या एनएवर. कमी एक्स, जास्त एनए घ्या, मोठे पिक्सेल असलेला कृष्णधवल सेन्सर घ्या, आणि सलग चित्रण करत ठेवा, कारण पेशी कधी चमकेल ते आपल्या हातात नाही.

खोल थंडावा लागतो तो मिनिटांच्या एक्स्पोजरला. ल्युसिफेरेझ (प्रकाश निर्माण करणारं विकर) घातलेल्या पेशी, रासायनिक प्रकाश देणारे जेल, अशा कामांना. तिथे मी स्वतः थंड कॅमेराच घ्या म्हणेन.

तरंगजीव

उशिराबद्दल क्षमस्व, आठवडाभर याच कामात होतो.

रिमोट दाबला. माझ्या रंगीत कॅमेऱ्यात पडदा काळाच राहिला. चिपळूणच्या कॅमेऱ्यात तोच रिमोट लख्ख पेटला. खारफुटी ताई, तुमचं निदान शंभर टक्के खरं.

रविवारी दुपारी, मुद्दाम तीन वाजताच, खोली ३४ अंश असताना, खाडीचं ताजं पाणी घेतलं. १ एक्सच्या अडॅप्टरवर आधी ८ सेकंदांत जेवढं उजळ यायचं तेवढं आता अर्ध्या सेकंदात आलं. शेजारच्या महाविद्यालयातून ०.५ एक्सचा अडॅप्टर आणून लावला, तर १२० मिलिसेकंदांत! थॅलॅसिओसिरा या डायटमच्या साखळीतल्या प्रत्येक पेशीत हरितलवकं (हरितद्रव्याचे कप्पे) वेगवेगळी मोजता येत होती. ८ सेकंद निळा झोत पडला की पेशी डोळ्यांदेखत फिकट व्हायच्या, तेही थांबलं. कण्या म्हणाल तर अख्ख्या फोटोत पाच-सहा ठिपके, तेही झाकलेले फोटो वजा केल्यावर गेले. तीन वर्षं मी उन्हाळ्याला दोष देत होतो.

रंगीत कॅमेऱ्यातली ती काच काढून टाकावी असं एकदा मनात आलं होतं. पण साध्या उजेडातल्या फोटोंचे रंग लालसर होतील आणि फोकसही सरकेल, म्हणून तो आहे तसाच ठेवतो. फ्लुओरेसन्सला वेगळा कॅमेरा.

मागणीपत्र असं लिहिलंय: कृष्णधवल सीमॉस कॅमेरा, आयआर-कट नको, पिक्सेल साडेतीन मायक्रॉनच्या पुढे, सभोवतालपेक्षा ३५ अंश खाली जाणारं, नेमून देता येणारं कूलिंग, काचेला हीटर. कूलिंग ठेवलंय ते उजेडाच्या तुलनेसाठी, कारण वैशाखातल्या आणि पौषातल्या पेशींची चमक मला एकाच मापाने मोजायची आहे. सेन्सर वर्षभर ५ अंशांवर चालवायचा असं ठरवलंय. ३४ च्या खोलीतही तो २९ अंशच खाली जाईल, म्हणजे पेल्टिएवर ताण नाही. उणे ४० वाल्या कॅमेऱ्यापेक्षा जे पैसे वाचतात त्यात डीह्युमिडिफायर, यूपीएस, ०.५ एक्सचा अडॅप्टर आणि ऑब्जेक्टिव्हसाठी कोरडं कपाट बसतंय.

परवा अमावास्या, मोठी भरती साडेअकराच्या सुमारास. चिपळूणचा कॅमेरा अजून चार दिवस माझ्याकडे आहे. भाट्याबरोबर जयगडच्या खाडीचंही पाणी आणतो आणि दोन्हीकडचे फोटो इथे लावतो. खारफुटी ताई, वेंगुर्ल्याच्या नमुन्यांशी ताडून बघाल का? फिल्टर आणि एक्स्पोजरचे आकडे सोबत देईन.

खारफुटी

नक्की. मीही त्याच भरतीचं पाणी घेते. दिवा किती तास वापरलेला आहे ते आणि ऑब्जेक्टिव्हचा एनए तेवढा लिहायला विसरू नका, त्याशिवाय चमकेची तुलना होणार नाही.